दक्षिणेची खिडकी

कुठल्याही घरात गेल्या की अक्का आधी भिंतीला तळहात लावायच्या आणि विचारायच्या, "हितं ऊन येतंय का?" माणसांची चौकशी नंतर.

त्यांच्या मुलाने नव्या घराचं काम आमच्या आर्किटेक्ट ऑफिसला दिलं होतं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या जुन्या खोलीत ऊन कधी शिरलंच नाही. थंडीत गुडघे धरायचे, म्हणून सकाळी त्या समोरच्यांच्या पायरीवर जाऊन बसत. अशी उन्हामागे सरकणारी म्हातारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी त्यांच्या खोलीला दक्षिणेकडे मोठी खिडकी दिली. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो. ऊन आत येईल, काळी फरशी आणि जाड भिंत ते धरून ठेवतील, रात्री खोली उबदार राहील. उन्हाळ्यात छज्जा ऊन अडवेल. हे सोप्या मराठीत कसं सांगावं याची मी मनात जुळवाजुळव करत होते, तर त्याच म्हणाल्या, "म्हंजे पायरी घरात आणलीस की."

मुलाच्या डोक्यात मात्र कुणीतरी भरवलं होतं, दक्षिण दिशा यमाची.

"अक्का, तुझ्याच खोलीला कशाला ती खिडकी?"

"यमाला खिडकी लागतीय व्हय रं? त्यो कुठनंबी येतोय."

थंडीतच एका दुपारी साइटवर गेले, तर गवंडी सिमेंटचा माल कालवत होता. खिडकीची जागा विटांनी बुजवायची, असा मुलाचा निरोप होता. मला बोलायचं होतं, पण घर त्यांचं. तेवढ्यात त्या प्लास्टिकची खुर्ची ओढत आल्या आणि नेमक्या त्या मोकळ्या जागेत बसल्या.

"मी उठलो की बांधा."

दिवस कलू लागला. घर जैनांचं; सूर्य मावळल्यावर त्या अन्नाला शिवत नसत, पाणीही घेत नसत. मुलगा डबा घेऊन धावत आला.

"अक्का, जेव की. दिवस चाललाय."

"खिडकी ऱ्हाऊ दे म्हण."

"आधी जेव."

"आधी म्हण."

डबा दोघांच्या मधे उघडा पडला होता. ऊन त्यांच्या गुडघ्यांवरून सरकत खांद्यावर आलं, लाल झालं. गवंडी, मुलगा, मी, सगळे सूर्याकडे बघत होतो. त्या तेवढ्या बघत नव्हत्या.

शेवटी मुलगा गवंड्याला म्हणाला, "माल कंपाउंडला वापर."

त्यांनी लगेच भाकरी मोडली. "ये पोरी, तूबी खा. दुपारधरनं गप हाईस, दमली असशील."

पुढची थंडी त्यांनी त्या खिडकीत काढली. मी गेले की माझा हात धरून भिंतीला लावायच्या. "दिवस बुडला, तरी ऊन हाय बघ."

यंदा थंडी सुरू झाली आणि त्या गेल्या. भेटायला गेले तेव्हा मी आधी खिडकीकडे पाहिलं. एक नातेवाईक मुलाला सांगत होते, "मी म्हणत हुतो, बुजीव ती. आता तरी ऐक."

फरशीवरचं ऊन थोडं पुढे सरकलं होतं. मुलगा उठला, अक्कांची रिकामी खुर्ची उचलली आणि उन्हात नेऊन ठेवली.