आईचं शाळेतलं नाव

आई गेली ती सकाळी, वाकोल्याच्या खोलीत, चहा उकळायला ठेवून. शेजारच्या काकूंना करपल्याचा वास आला म्हणून त्या डोकावल्या. मी बोरिवलीहून पोचलो तोवर त्यांनी गॅस बंद करून आईला सरळ झोपवलं होतं आणि अंगावर धुतलेली चादर घातली होती.

सर्टिफिकेट द्यायला गल्लीतले डॉक्टर आले. "गोळ्या कसल्या चालू होत्या?" त्यांनी मला विचारलं. मी काकूंकडे पाहिलं.

"प्रेशरच्या," काकू म्हणाल्या.

"शेवटचं कधी दाखवलं होतं?"

तेही काकूंनीच सांगितलं. पुढचे सगळे प्रश्न डॉक्टरांनी त्यांनाच विचारले. सही मात्र माझी घेतली, मुलगा म्हणून.

मग स्मशानातल्या नोंदीसाठी आधार कार्ड शोधलं. ते आईच्या उशीखालच्या पाकिटात होतं. त्यावरचं नाव वाचून मी ते पटकन खिशात घातलं. ते नाव आईला आवडत नव्हतं, आणि ते कार्डावर राहिलं होतं माझ्यामुळे.

आई साताऱ्याकडची. तीन मुलींच्या पाठीवर चौथी झाली, तेव्हा तिच्या आजीने तिला नको असलेल्या मुलीला ठेवतात तसलं नाव ठेवलं. सगळा गाव तिला त्याच नावाने हाक मारायचा. तिचे वडील तालुक्याला बुद्धविहाराच्या कामाला जायचे. मुलीला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी मास्तरांसमोर दुसरं नाव सांगितलं. चांगलं, भारदस्त नाव. आई शाळेत चारच वर्षं गेली, पण हजेरीला ते नाव ऐकून "हजर" म्हणायला मिळायचं म्हणून ती ताप असतानाही शाळेत जायची. हे तिने मला कितीतरी वेळा सांगितलं होतं. लग्न होऊन मुंबईला आल्यावर तिच्या सासऱ्यांनी रेशन कार्डावर माहेरून चालत आलेलं जुनंच नाव घातलं. पुढे आधार काढायला मी तिला घेऊन गेलो. तिने येताना शाळेचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला होता. रांग मोठी होती आणि मला ऑफिसला पोचायचं होतं. रेशन कार्ड हाताशी होतं, मी तेच पुढे केलं.

कार्ड घरी आल्यावर तिने बोट ठेवून वाचलं. "हे माझं नाव नव्हं," ती म्हणाली. "एवढं नीट करून आण की रं."

"आणतो," मी म्हणालो. पुढची काही वर्षं हेच म्हणत राहिलो. एकदा वैतागून बोललो, "आई, आता या वयात तुला कुठे परदेशात जायचंय? कुठलंही नाव असलं तरी काय फरक पडतो?" त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. मला वाटलं, तिला पटलं.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करतो. मुलांचे ॲडमिशनचे फॉर्म तपासतो. नावातली एक वेलांटी चुकली तरी फॉर्म परत देतो.

स्मशानातल्या माणसाने आधार पाहून रजिस्टरमध्ये नाव लिहिलं. मागे लोक उभे होते, बहीण मुलुंडहून नुकतीच पोचली होती आणि रडत होती. तेव्हा मी बोललो नाही, त्याबद्दल मला फारसं काही वाटत नाही. तेव्हा कुणीच बोललं नसतं.

पण आठवड्याने मी मृत्यूचं सर्टिफिकेट घ्यायला वॉर्ड ऑफिसला एकटा गेलो. गर्दी नव्हती. खिडकीवर एक मॅडम होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाल्या, "नीट वाचून घ्या. नाव, पत्ता, तारीख. एकदा प्रिंट निघाली की दुरुस्तीला फेऱ्या मारायला लागतात."

मी वाचलं. आईचं ते नाव मोठ्या अक्षरांत होतं.

"शाळेच्या दाखल्यावर वेगळं आहे," एवढंच मला म्हणायचं होतं. दाखला आईच्या खोलीत होता, तिथून चालत पंधरा मिनिटांवर. पण तो आणायचा, मग त्या सांगतील ते ॲफिडेव्हिट करायचं, पुन्हा रजा टाकायची. सुट्टी संपत आली होती.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"हो."

त्यांनी एक कागद पुढे केला. वाचून खात्री केली असं त्यावर छापलेलं होतं. मी सही केली.

रविवारी बहीण खोली आवरायला आली. तिने सर्टिफिकेट हातात घेऊन वाचलं. "दादा, हे नाव कसं काय?"

आणि मी म्हणालो, "अगं, त्या लोकांनी घातलं. मी सांगितलं होतं, पण ऐकतं कोण तिथे."

हे मी आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. तिने लगेच विश्वास ठेवला. उठून पत्र्याच्या पेटीतून शाळेचा दाखला काढला आणि म्हणाली, "उद्या जाऊ. दोघं जाऊ. मी बोलते त्यांच्याशी."

मी तिला टाळायचा प्रयत्न केला. उद्या नको म्हणालो, त्यांचा सर्व्हर बंद असतो म्हणालो. ती ऐकेना.

दुसऱ्या दिवशी खिडकीवर त्याच मॅडम होत्या. बहिणीने दाखला पुढे ठेवला आणि सुरुवातच केली, "माझ्या भावाने तुम्हाला नाव सांगितलं होतं ना? मग तुम्ही हे कसं काय छापलं? आमची आई होती ती, तुमच्यासाठी नुसता एक नंबर असेल."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला ओळखलं होतं. मी काही बोलेन म्हणून त्या थांबल्या असाव्यात, कारण त्यांना घाई दिसत नव्हती. मी खिडकीच्या गजाकडे बघत होतो.

मग त्यांनी फाइल काढली आणि माझ्या सहीचा कागद बहिणीसमोर ठेवला. "ताई, वाचा," एवढंच म्हणाल्या.

बहिणीने वाचलं. तिचे कान लाल झाले. तिने मॅडमना "सॉरी" म्हटलं. माझ्याऐवजी तिने माफी मागितली आणि मी तिथेच उभा होतो. मग ती शांतपणे विचारू लागली, दुरुस्तीला काय काय लागेल. मॅडम एकेक कागद सांगत गेल्या आणि ती मोबाइलवर टाइप करत गेली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं गं."

"खोटं का बोललास?" तिने विचारलं. "चुकलं होतं तर चुकलं म्हणायचं. मी त्या बाईला काय काय बोलले."

मुलुंडची बस येईपर्यंत ती मोबाइलवर लिहिलेली कागदांची यादी वाचत उभी होती.

दुरुस्तीला दीड महिना गेला. आधारवर जुनं नाव असल्यामुळे ते पूर्ण काढता येणार नाही, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. शेवटी जे सर्टिफिकेट मिळालं त्यावर आधी शाळेतलं नाव आहे, मग ऊर्फ, मग आजीने ठेवलेलं. मी साहेबांना दोनदा विनंती केली. ते म्हणाले, "आई हयात असताना आधारवर बदलून घेतलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं." त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं.

आता आईची खोली आमच्या नावावर करायचे कागद चालू आहेत. बहीण फोन करते, कुठे आणि किती वाजता यायचं ते सांगते. परवा मी म्हणालो, "फॉर्म दे, मी भरून ठेवतो. माझं रोजचंच काम आहे."

"नको," ती म्हणाली, "मी भरते. तू सहीला ये."