अण्णांनी मागितलेलं गाणं

दोस्तांनो, आज दुपारी मी दवाखान्यात भांडलो.

माझे वडील, अण्णा, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात आहेत. आता बरं होणं नाही, फक्त त्रास कमी करायचा, असा त्यांचा वॉर्ड. तिथं पेशंटना गाणी ऐकवणाऱ्या एक ताई बाजाची पेटी घेऊन आल्या आणि माझं डोकंच फिरलं. म्हणलं, "इथं माणूस मरायलाय अन् तुम्हाला गाणी सुचतात?"

"त्यांनाच विचारू," ताई शांतपणे म्हणाल्या.

वाटलं, अण्णा भजन मागतील. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हा गच्चीवर त्या पोरीसाठी म्हणतो ते."

मी गारच पडलो. तिचं लग्न झालं तरी मी ते गाणं सोडलं नव्हतं, आणि खाली अण्णा रोज ऐकत होते. कधी एका शब्दानं बोलले नाहीत.

ताईंनी पेटीवर सूर धरला, मी म्हणायला लागलो. दुसऱ्या कडव्यात रडू फुटलं. थांबलो.

"कॉलेज अर्धवट सोडलं," अण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "हे तरी पुरं कर."

रडत रडत पुरं केलं. "लई बेसूर," म्हणाले आणि झोपले.

अण्णांना माझं गाणं पाठ आहे. त्यांचं आवडतं कोणतं, मला माहीतच नाही. उठले की विचारणार आहे. तुम्ही विचारलंय का कधी घरी?