मोरीमागची काळी कोंबडी

धुडकूचा रंगावर विश्वास नव्हता. सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये तो रंग कालवायचा, आणि रंग माणसाला कसा फसवतो हे रोज पाहायचा. ट्यूबलाइटखाली राणी रंगाची दिसणारी साडी उन्हात नेली की जांभळी निघते. मास्तरने पास केलेला काळा पहिल्याच धुण्यात हिरवट होतो. त्यामुळे घरात हळद आली, मिरची आली, गूळ आला, की तो आधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर घासून बघायचा. मिलमध्ये कापड असंच घासून बघतात. मुलाच्या, लखनच्या, लग्नात त्याने नव्या सुनेच्या शालूचा पदर वऱ्हाडासमोर घासला होता. त्या सुनेच्या, योगिताच्या, माहेरचे लोक ते अजून विसरलेले नाहीत.

अशा माणसाच्या नवागामच्या घरामागे, मोरीजवळच्या पाण्याच्या पिंपाआड, एका सकाळी काळी कोंबडी येऊन बसली.

नुसती पिसं काळी असती तर कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं. पण तुरा काळा, चोच काळी, पायही काळे. धुडकूच्या बायकोने, शोभाबाईने, भाताची शितं टाकली तशी ती निवांत टिपायला लागली.

"कोनी तरी गावठी व्हई. वाट चुकनी बिचारी."

"गावठीना तुरा लाल ऱ्हास," धुडकू म्हणाला. "हाई रंगाडेल शे. बाजारमा पिल्ले रंगाडीसन इकतस ना, तशी."

"कोंबडीले काळा रंग लाईसन कोनले काय भेटी?"

"तेच ते शोधानं शे."

त्याने कोंबडी काखेत धरली, चिंधी ओली केली आणि तुरा घासला. चिंधी पांढरीच राहिली. साबण लावून घासला. तरी काही नाही. मग पिसं बाजूला सारून पाहिलं, तर कातडीही काळी. चोच उघडली आणि तो जरा मागे सरला. आत जीभसुद्धा काळपट होती. पिसांना रंग लावता येतो, तुऱ्याला लावता येतो. जिभेला कोण लावायला बसेल?

शोभाबाईला वाटलं, संपला संशय. पण तो फक्त कोंबडीवरून उठून माणसांवर जाऊन बसला होता.

आजारी माणसावरून काळी कोंबडी ओवाळायची आणि सोडून द्यायची, हा उतारा खानदेशातून सुरतेत आलेल्या लोकांनी बरोबर आणला होता. ती ज्याच्या दारी जाऊन बसते, त्याच्या घरी दुखणं जातं, असं म्हणतात. आणि भिंतीपलीकडच्या घरात लोटू काविळीने अंथरुणावर होता. डोळे पिवळे, अंग वाळलेलं. त्याची बायको इंदुबाई औषधं करून थकली होती. इकडे धुडकूच्या घरात योगिताचे दिवस भरत आले होते.

"इंदुआक्का असं करावनी नही," शोभाबाई म्हणाली. "पिलेगमा आपन गावले पळनूत तवय घरनी चावी कोनाकडे व्हती?"

"तवय तिना नवरा धडधाकट व्हता."

त्याने उताऱ्याचं सरळ विचारलं नाही. सरळ विचारणं त्याच्या स्वभावात नव्हतं. इंदुबाई कपडे वाळत घालत होती तेव्हा कोंबडीला तिच्या बाजूला हाकललं आणि म्हणाला, "आक्का, हाई तुमनी का?"

इंदुबाईने कोंबडीकडे पाहिलं. पदर सावरला, एक पाऊल मागे घेतलं. "नही रे भाऊ. आमनी कोठून?" असं म्हणून राहिलेले कपडे तसेच बादलीत टाकून ती आत गेली. त्यानंतर ती मागच्या बाजूला फिरकेना. योगिताला रोज संध्याकाळी तेल लावून द्यायची, तेही बंद झालं.

कोंबडीने अंडं घातलं तेव्हा तर धुडकूची झोपच उडाली. अंडं साधं बदामी होतं. एवढ्या काळ्या कोंबडीचं अंडं चारचौघींसारखं कसं? शोभाबाईने ते योगितासाठी उकडायला घेतलं, तर त्याने हातातून काढून गटारीत टाकलं.

तो रविवार होता. कोंबडी टोपलीखाली झाकून तो दिंडोलीच्या बाजूला निघाला. तिथे नव्या इमारतींच्या कामावर झाबुआकडची भिल्ल माणसं होती, झोपड्यांपुढे कोंबड्या पाळायची. एक म्हातारा सळ्या वाकवत बसला होता. धुडकूने टोपली थोडी वर केली.

"बाबा, ये कौन है?"

म्हाताऱ्याने ओझरतं पाहिलं. "कालीमासी है."

"किसकी?"

"बोला ना, कालीमासी." आणि तो परत सळईकडे वळला.

धुडकू तिथेच उभा राहिला. सुरतेत मावशीला सगळे मासी म्हणतात. आणि गल्लीतली गुजराती पोरं रंगाने सावळ्या इंदुबाईला पाठीमागून ‘काळी मासी’ म्हणायची. ती ऐकलं न ऐकलंसं करायची. तर हा म्हातारा तिला ओळखतो. म्हणजे कोंबडी तिने इथूनच नेली. आणखी काय पुरावा पाहिजे?

परतताना तो स्वतःच्या घरी गेलाच नाही. इंदुबाईच्या उंबऱ्यावर टोपली पालथी केली. नळावरच्या बाया वळून बघायला लागल्या.

"तुन्ही वस्तू तुले. लोटूनं दुखनं मन्ही सूनवर टाकस?"

इंदुबाई भांडणात कुणाला हार न जाणारी बाई. पण ती नुसती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग तिने दार लोटून घेतलं.

कोंबडी गल्लीत दाणे शोधत फिरत राहिली. दुपार कलताना बांधकामावरची एक बाई गल्लीत आली. कोणी माणूस टोपलीत काळी कोंबडी घेऊन आला होता असं सळ्या वाकवणाऱ्या सासऱ्याकडून कळल्यावर ती विचारत विचारत इथवर पोहोचली होती. कोंबडी दिसताच तिने तोंडाने टकटक आवाज केला आणि कोंबडी धावत तिच्या पायाशी गेली.

"मेरी कालीमासी है. डिब्बे में दाना रखती हूँ, फिर भी भागती है."

"तुम्हारी मासी?" शोभाबाईने विचारलं. म्हातारा काय म्हणाला ते नवऱ्याने तिला घरी येऊन सांगितलं होतं.

बाई हसली. "मासी नहीं बहन, मास. मास काला, हड्डी काली, सब काला. जात ही ऐसी है. शहरवाले कड़कनाथ बोलते हैं."

शोभाबाईने नवऱ्याकडे वळून पाहिलंसुद्धा नाही. नळावरच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "लखनना बाप, समजनं का? मास. आते जा तिकडे."

धुडकू गेला. लोटू खाटेवर पडून होता. इंदुबाई खाली तांदूळ निवडत बसली होती.

"आक्का, ती कोंबडीनी जात शे. कालीमासी. दिंडोलीना म्हतारा तेच म्हने, मन्हा ऐकामा फरक पडना."

"माले वाटे तुम्हीच टाकी," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "योगिताकरता उतारा कया आनि आमनाकडे हाकली. तुनी माले इचारं ना, तवय मी घाबरी गयथू. घरमा आधीच येक आजारी. पन मी कोनले बोलनू नही."

"मन्ही चुकी व्हयनी."

"चुकी समजनी माले. येकच सांग. तो म्हतारा काली मासी म्हने, नि तुले मीच कशी याद उनू?"

धुडकूने तोंड उघडलं. पोरं म्हणतात, असं सांगावंसं वाटलं. पण पोरं म्हणत असताना तो दोन-तीनदा हसला होता, आणि इंदुबाई तेव्हा मोरीतच, ऐकू जाईल एवढ्या अंतरावर होती.

"योगिताले दुखाले लागनं ते शोभाले सांगजो, भिंतवर हात मार. मी येसू," इंदुबाई म्हणाली. "त्या पोरना काय दोष?"

"बरं, आक्का."

सुपात तांदूळ सरकत होते.

"येतो मग," धुडकू म्हणाला.

"ये," असा आवाज आला, तो खाटेवरून, लोटूचा. आक्काही म्हणेल म्हणून धुडकू उंबऱ्यात आणखी थोडा थांबला. इंदुबाईने सूप झटकलं आणि पुढचे तांदूळ घेतले.