सोमवारच्या भाजीतला धोतरा

तुमच्या आईच्या डोळ्यांतली बाहुली तुम्ही कधी नीट पाहिली आहे? मी पाहिली, दुष्काळातल्या एका श्रावणात... बुबुळाचा तपकिरी रंग गिळून ती काळी, रुंद झाली होती आणि त्या काळोखात माझी ओळख कुठेच नव्हती.

नारायणगडाच्या अलीकडचं आमचं गाव तेव्हा करपून गेलं होतं. हिरवं उरलं होतं ते फक्त दूध संघामागच्या चरीला, जिथे कॅन धुतलेलं आंबूस पाणी वाहायचं. तिथेच तांदुळजा उगवायचा आणि तिथेच महादेवाला वाहायचा धोतरा. सोमवारी बाया एकाच ओच्यात भाजी आणि पत्री घेऊन यायच्या. आईनेही तसंच आणलं. लसूण-मिरचीची फोडणी दिली, दिवस मावळायच्या आतच उपास सोडला. मी शाळेतून आले तेव्हा ती दारात बसून हवेतून काहीतरी खुडत होती. शेंगा तोडतेय, म्हणाली. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे. पाणी मागायची, पण गिळता येत नव्हतं.

श्रावणी सोमवार आणि मोकळे केस... बायांना शंकाच उरली नाही. अंगात आलं. कुणी लिंबू आणलं, कुणी ऊद जाळला. आम्हाला अंगणाबाहेरूनच ताक वाढणारी पाटलीणबाईसुद्धा पाया पडली आणि पाऊस कधी पडेल ते विचारू लागली. आई बरळत होती, आणि त्या बरळण्याचे अर्थ लावले जात होते.

संघात कामाला असलेले वडील धावत आले. दुधाची गाडी बीडला निघायच्या बेतात होती. थोरली चुलती उंबऱ्यात आडवी आली. "आलेल्या देवीला दवाखान्यात नेत्यात व्हय? कोप होईल."

वडील वाद घालत बसले नाहीत. निवडून टाकलेल्या देठांतून त्यांनी एक रुंद पान उचललं, चुरगाळून तिच्यापुढे धरलं. "वैनी, वास घ्या."

धोतऱ्याचा तो उग्र वास तिच्या ओळखीचा होता. ती स्वतःच आईच्या पायांकडे वाकली. "धरा तिकडून."

दुष्काळामुळे गाडीत निम्मेच कॅन होते, म्हणून आईला आडवं व्हायला जागा मिळाली. बीडच्या डॉक्टरांनी वडिलांच्या रुमालातलं पान पाहिलं आणि लगेच उपचार सुरू केले.

सकाळी आईने माझ्याकडे पाहून विचारलं, "शाळा न्हाई का गं तुला?" मी रडतच सुटले. मग तिला सगळी हकिगत कळली. ती म्हणाली, "पाटलीण पाया पडली? आन् मला उठवलं का न्हाई?" खोकला येईपर्यंत हसली.

आज ती चरी बुजली आहे, संघाला कुलूप आहे. आई मात्र आहे, आणि हा किस्सा अजून रंगवून सांगते. माझा राग देवीवर नाही. उंबऱ्यात आडवं येण्यावर आहे. म्हणून एवढंच करा— घरात कुणी अचानक बरळू लागलं, तर आधी विचारा, काय खाल्लं. उरलेली भाजी फडक्यात बांधून घ्या, आणि निघा.