मान नावाचे खाते

मल्लिनाथअण्णा गेल्या महिन्यात, एका सोमवारी सकाळी, सोलापुरात वारले. वय एकाहत्तर. हृदयविकाराचा झटका घरीच आला. रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी सगळे संपले होते. त्यांची मुलगी शैला हिने फोनवर एवढेच सांगितले, "काका, अप्पा गेले... तुम्ही या." वृत्तपत्राच्या नोकरीत असे फोन पुष्कळ घेतले. वय काय, कुठे, किती वाजता, हे प्रश्न आपोआप तोंडात येतात. त्या सकाळी ते विचारले नाहीत.

अण्णा माझे शाळासोबती. औद्योगिक वसाहतीत त्यांचा टॉवेलचा कारखाना, बारा यंत्रमागांचा. निम्मे माग एकाच गिऱ्हाइकासाठी चालत. ते गिऱ्हाईक म्हणजे बार्शीचे कापड व्यापारी बाबूशेठ. त्यांच्याशी व्यवहार अण्णांच्या वडिलांपासूनचा आणि सगळा तोंडी. माल पोहोचल्यापासून आठ दिवसांत पैसे दिले, तर बाबूशेठ बिलातून शेकडा दोन रुपये स्वतःच कापून घेत आणि उरलेले पाठवत. बाजारात याला वटाव म्हणतात. अण्णांचे वडील त्याला मान म्हणत. लग्नात व्याह्याचा मान असतो तसा. तो मोजायचा नाही, द्यायचा. पैसे मुदतीत आले की अण्णा कचेरीच्या दारात उभे राहून मागांच्या खडखडाटावर ओरडत, "बार्शीचं आलं रे!" मग सगळ्यांना चहा.

कारखान्यात संगणक आला तेव्हा अण्णा साठीला टेकले होते. हिशेबाचा प्रोग्राम ते हट्टाने शिकले. गिऱ्हाइकाने कापलेली रक्कम कोणत्या खात्यात टाकायची, असे त्या प्रोग्रामने विचारल्यावर त्यांनी नवे खाते उघडले आणि त्याला नाव दिले... मान. कर सल्लागाराने वर्षअखेरीला ते पाहून कपाळाला हात लावला. "अण्णा, असं खातं नसतं." "नसतं कसं? हाय की! मीच उघडलंय." हा किस्सा अण्णा स्वतःच सगळ्यांना सांगत.

पुण्यातली नोकरी सोडून शैला कारखान्यात आली आणि अण्णांनी सगळा कारभार तिच्याकडे दिला. पहिल्याच तिमाहीत तिच्या लक्षात आले, की मान खात्यात जाणारे पैसे कधी हातात येत नाहीत, पण जीएसटी मात्र पूर्ण बिलावर भरला जातो. नियमात वाट होती. सूट विक्रीआधी ठरलेली आणि लिहिलेली असावी, बिलावर तिचा उल्लेख असावा. मग पैसे आल्यावर त्या बिलाची क्रेडिट नोट, म्हणजे बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद, काढता येते आणि विकणाऱ्याचा कर तेवढा कमी होतो. आणखी एक अट होती. घेणाऱ्याने त्या बिलावर घेतलेली कराची वजावट त्याच प्रमाणात परत करायची. म्हणजे बाबूशेठची संमती हवी, आणि ती लेखी.

शैलाने बार्शीला फोन केला. तासाभरात बाबूशेठचा फोन अण्णांना आला. "अण्णा, तुजी पोरगी माज्याकडं लिहून मागती. तुज्या बापानं तरी कदी मागितलं होतं का?" त्यानंतर बार्शीची ऑर्डर थांबली. बार्शी तुटली तर सहा माग बंद करावे लागणार होते. त्या मागांवरचे विणकर अण्णांच्या तरुणपणापासूनचे. बाजारात बोलणे सुरू झाले, की बापाने जोडलेले गिऱ्हाईक मुलीने घालवले. कारभार परत हातात घ्या, असे अण्णांना चौघांनी सांगितले. मीही त्यांत होतो. ते म्हणाले, "तुमच्या पेपरात एकदा छापलेलं तुमी मागं घेता व्हय? दिलाय कारभार. दिला म्हंजे दिला."

पण ते बार्शीला गेले. गाडी शैला चालवत होती, मी मागे बसलो होतो. दुकानात बाबूशेठ फक्त अण्णांकडे पाहून बोलू लागले. अण्णांनी हात वर केला. "हिशेब तिचा हाय. मी चहाला आलोय."

"मग चहाच घे. मधी बोलू नको."

गप्प बसणे अण्णांच्या स्वभावात नव्हते. बशीतला चहा त्यांनी फार सावकाश प्यायला.

शैलाने लॅपटॉप बाबूशेठकडे वळवला. "बाबूकाका, आधी वाईट ते सांगते. वटाव तोच राहील, पण त्यावरची कराची वजावट तुम्हाला परत करावी लागेल. तुमचं थोडं कमी होईल."

"म्हंजे मान बी तुमीच देनार आन् त्यातलं कापनार बी तुमीच?"

"त्याच्या बदल्यात आठ दिवसांची मुदत दहा करते. आणि ती बिलावरच छापते, म्हणजे उद्या मी नसले तरी तुमचा वटाव कुणाला नाकारता येणार नाही."

बाबूशेठने मुनिमाला बोलावले, पडद्यावरचे आकडे दोनदा वाचून घेतले. मग अण्णांकडे वळले. "पोरगी तुज्यासारकी न्हाय. तू कमी व्हनारं शेवटी सांगितलं असतंस."

"शेवटी कशाला..." अण्णा म्हणाले, "सांगितलंच नसतं की!"

दुकानभर हसू झाले. बाबूशेठने सही केली. ऑर्डर त्याच आठवड्यात आली. एकही माग थांबला नाही.

परतताना वाटेतले वैराग मागे पडेपर्यंत अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "अव्वा..." मुलीला ते याच नावाने, म्हणजे आई म्हणून, हाक मारत, त्यांच्या घरातल्या कानडी वळणाने. "आता मान खातं काढून टाकनार व्हय?"

"नाही येत अप्पा. जुन्या नोंदी असल्या की प्रोग्राम खातं पुसू देत नाही."

अण्णा पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागले. "लई शाना प्रोग्राम हाय."

अण्णांच्या मातीला बाबूशेठ बार्शीहून आले होते. शैलाशी व्यवहाराचा शब्द बोलले नाहीत. अण्णा गेले त्याच्या आदल्या शनिवारी बार्शीला माल गेला होता. त्या बिलाचे पैसे मुदतीत आले, वटाव कापून. शैला कचेरीच्या दारात उभी राहिली आणि मागांच्या आवाजावर ओरडली, "बार्शीचं आलं!" चहा आला. मग ती आत जाऊन बसली आणि तिने त्या बिलाची क्रेडिट नोट काढली. कर तेवढा कमी झाला.

जुन्या नोंदी असल्या तरी त्या प्रोग्राममध्ये खात्याचे नाव बदलता येते. ते बदललेले नाही.