दुसऱ्या कडव्यापाशी

"अंगठा! अंगठा कुठं चाललाय? यष्टीचा दांडा न्हाई धरला तुमी."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते छतातून. नगरच्या सावेडीत माझं मेडिकल दुकान, आणि त्याच्या बरोबर वर सरांच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत गिटारचा क्लास, मागच्या खोलीत संसार. गिटार शिकणारी मंडळी एकच गाणं दिवसभर किती तऱ्हांनी बिघडवतात, हे मला खोकल्याची औषधं देता देता पाठ झालं होतं. शेवटी वैतागून मीच वर गेलो आणि नाव घातलं. आपणच बिघडवायला बसलो की त्रास कमी होतो, असा माझा हिशेब.

सर मूळचे खर्डा गावचे. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे, गावोगावच्या यात्रांना जायचे. नगरात येऊन वर्षानुवर्षं झाली, तरी बोली खर्ड्याचीच राहिली, आणि ती लपवायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही. मला ‘शेठ’ म्हणायचे. उभ्या आयुष्यात मला शेठ म्हणणारे ते एकटेच.

वाईट सवयींवर त्यांचा फार राग. गिटारच्या मानेवरून अंगठा वर डोकावला की पेन्सिलीनं टक्. जिवाच्या आकांतानं तारा दाबणाऱ्याला म्हणायचे, "गळा दाबतोय का तिचा? सोड, जगू दे." डाव्या हाताकडे टक लावून बसणाऱ्याला, "बोटं पळून जात न्हाईत. म्होरं बघ." नखं वाढवून येणाऱ्याला नेलकटरसाठी गॅलरीत पाठवायचे. ते नेलकटर खिळ्याला दोरीनं बांधलेलं होतं, कारण आधीचं कुणीतरी खिशात घालून नेलं होतं. मी स्वतः सुरुवातीला त्या गॅलरीत नियमित उभा असायचो.

पण सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे थांबणं. चुकलो की आपण थांबतो, च्यक् करतो, पुन्हा मागून धरतो. तुम्ही कुठल्याही क्लासच्या दाराशी क्षणभर उभे राहा, हेच ऐकू येईल. सरांना ते सहन व्हायचं नाही. "गाणारा गेला म्होरं, तू हितं काय सांडलेलं येचतोय? चुकलं तर चुकू दे, चल म्होरं."

काकू त्याच ऑर्केस्ट्रात गायच्या. स्टेजवरच दोघांचं जमलं. त्यावरून खर्ड्यात बरीच बोंबाबोंब झाली होती म्हणे. सर ते हसत हसत सांगायचे आणि काकू आतून ओरडायच्या, "पुरे की आता! पोरं काय शिकाया आल्यात!" संध्याकाळी क्लास सुटला की दोघं मागच्या खोलीत बसायचे. सर वाजवायचे, काकू गायच्या. एक जुनं भावगीत ठरलेलं. मी खाली गोळ्यांच्या पट्ट्या कापत ऐकायचो, आणि मध्येच एखादं गिऱ्हाईक बोलायला लागलं की मला त्याचा राग यायचा.

मग एक दिवस सर डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन दुकानात आले. औषधाचं नाव वाचलं. विसरण्याच्या आजारावर देतात ते. सर काउंटरवर बोटं वाजवत म्हणाले, "ग्यास चालू ठिवून बाहेर जाती, आन् मला म्हनती, तुमी कोन?" मी गोळ्या कधी द्यायच्या, तेच पुन्हा पुन्हा सांगत बसलो.

गाणं मात्र चालू राहिलं. फक्त दुसऱ्या कडव्यापाशी काकू अडायला लागल्या. तिथली एक ओळ त्यांना सापडायची नाही. आणि ज्या माणसानं आम्हाला कधी थांबू दिलं नाही, तो तिथं थांबायचा. एकच कॉर्ड हळूहळू छेडत राहायचा. सुरुवातीला ओळ लवकर यायची. पुढे पुढे फार वेळ लागायला लागला. मी खाली बसून मनातल्या मनात ती ओळ काकूंना सांगायचो.

गंमत अशी, की ते थांबणं क्लासातही आलं. तेच गाणं शिकवताना सर त्याच जागी थांबायचे, आणि आम्ही पक्के नकलाकार, आम्हीही थांबायला लागलो. एका मुलीनं कॉलेजच्या गॅदरिंगला ते गाणं वाजवलं. दुसऱ्या कडव्याला गाणारा पुढे निघून गेला आणि ही बया कॉर्ड छेडत त्याची वाट बघत बसली. सगळा हॉल हसला. तिची आई तणतणत क्लासवर आली. "सर, ती म्हणते, तुम्हीच असं शिकवलंत!"

"मी? शक्यच न्हाई," सर म्हणाले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मग मी त्यांचं वाजवणं मोबाईलवर घेतलं आणि त्यांनाच ऐकवलं. ती जागा आली. सरांनी तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला.

"घरी थांबा ना सर," मी म्हणालो, "पण इथं कशाला?"

"घरचा हात आन् क्लासचा हात येगळा कुठनं आनू, शेठ?" मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "गानं चालू हाय तवर ती मला वळखती. डोळं मिटून बोलती माझ्याशी. गानं सरलं की डोळं उघडती, आन् मी परका. मग मी सरूच देत न्हाई. लांबवतो."

त्यानंतर त्या थांबण्यावरून मी त्यांना कधी छेडलं नाही. वाईट सवय होती, कबूल. पण त्यांच्या सगळ्या चांगल्या वाजवण्यापेक्षा मला तीच जास्त आवडायला लागली.

सर गेले ते थंडीत, एका सकाळी, छातीत दुखून. दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ आटोपला होता. लेक पुण्याहून आली. वडील गेल्याचं तिनं आईला जवळ घेऊन सांगितलं. काकू रडल्या, आणि थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "हे कुठं गेल्यात?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच, दरवेळी नव्यानं रडणं. शेवटी लेकीनं सांगायचं सोडून दिलं.

आईला पुण्याला न्यायचं ठरलं होतं, त्या दिवशी लेक दुकानात आली. "दादा, आई जागची उठत नाही. कालपासून तोंडात घास घेतला नाही. तुम्ही ते गाणं वाजवाल का? बाबा वाजवायचे तसं."

मी वर गेलो. काकू पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. सरांची गिटार घेतली आणि सुरू केलं. पहिलं कडवं मी एकट्यानंच वाजवलं. मग बारीक आवाज आला. काकू उठून बसल्या, डोळे मिटलेले, आणि गायला लागल्या. दुसऱ्या कडव्याला अडल्या. मी थांबलो. ती एकच कॉर्ड छेडत राहिलो. दारात लेक ओठ दाबून उभी होती. ओळ तिलाही माहीत होती, मलाही होती, पण आम्ही कुणी बोललो नाही.

"आज लई दमलाय का हो?" काकू डोळे न उघडता म्हणाल्या. "हात जड लागतोय तुमचा."

मी छेडत राहिलो. मग ती ओळ आली, अगदी सुरात. मला रडू आवरेना. उरलेलं गाणं मी लांबवता येईल तेवढं लांबवलं, पण माझ्याच्यानं किती लांबणार? सरलं.

काकूंनी डोळे उघडले. माझ्याकडे नीट पाहिलं आणि पदर सावरला.

"तुमी खालचे मेडिकलवाले ना?" त्या म्हणाल्या. "बसा. हे कोल्हारला गेल्यात, कार्यक्रम हाय त्यांचा. येतीलच आता."

"हो काकू," मी म्हणालो. "येतील."

"मग ते येस्तवर वाजवा की तुमी. बरं वाजवताय."

खाली पुण्याची गाडी हॉर्न देत होती. लेकीनं ड्रायव्हरला फोन करून चहा प्यायला पाठवलं, ताटलीत वरणभात कालवून आणला आणि आईशेजारी बसली. मी पुन्हा सुरू केलं. काकूंनी दाराकडे बघत बघत पहिला घास घेतला.