भाऊजींचं ‘आ कोमिदो’

आमच्या भाऊजींएवढ्या हौसेनं स्पॅनिशचा पूर्ण वर्तमानकाळ आणखी कोणी वापरला असेल, तर त्या माणसाला मला एकदा पाहायचंच आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. तेलंगणातल्या इचोड्याला हमरस्त्यावर त्यांचं भाजीचं दुकान. मुलगा नोकरीसाठी स्पेनला गेला, तिथलीच मुलगी केली, आणि तिची आई आपल्याला भेटायला येणार असं कळलं तसे भाऊजी मोबाइलवर धडे घ्यायला बसले. मी म्हटलं, पोरगा सांगेल की समजावून. तर म्हणाले, “पोरगा तिकडचाच होऊन राह्यला. त्याच्या सासूपुढं मी मुका बसलो, तं तो तरी आपला राह्यते का?”

मग काय विचारता! टोमॅटो तोलता तोलता शिकवणी सुरू. “हे पाय, पुढं मदतनीस लागते. मी असलो तं ‘ए’, तुमी असले तं ‘आ’, आपण सारे ‘एमोस’. मांगच्या क्रियापदाचं शेपूट कापाचं. ‘आर’ असलं तं ‘आदो’ लावाचं, ‘एर’-‘इर’ असलं तं ‘इदो’. ‘कोमेर’ म्हंजे जेवणं, ‘ए कोमिदो’ म्हंजे मी जेवलो आहे. बाई असो का माणूस, मांगचा शब्द हालत नाई.” करणं या क्रियापदाचं नियम मोडून एकदम ‘एचो’ होतं हे कळल्यावर मात्र दिवसभर घुश्शात होते. हा काळ कधी वापरायचा, हेही त्यांनीच सांगितलं. “आजचं, ताजं झालेलं सांगाले. शिळ्या मालाले दुसरा काळ हाय.” तेलुगू गिऱ्हाईकं निमूट माना डोलवत, कारण त्याशिवाय वांगी मिळत नसत.

मुलाबरोबर विहीणबाई आल्या. पायांवर पाणी घालून होताच भाऊजींनी छाती भरून विचारलं, “आ कोमिदो उस्तेद?” तुम्ही जेवलात का? बाईंचा चेहरा असा उजळला की मलाच भरून आलं. “सी, ए कोमिदो,” त्या म्हणाल्या. वाटेत ढाब्यावर खरंच जेवल्या होत्या बिचाऱ्या. पण आमच्याकडे पाहुणा उपाशी असला तरी जेवलोच म्हणतो, आणि आम्ही ताट वाढतोच. मुलगा म्हणाला, “बाबा, त्या खरंच जेवल्या आहेत.” भाऊजी म्हणाले, “इहीणबाई पहिल्या झटक्यात भूक लागली म्हणन का?” भाकरी आली, वांग्याची भाजी आली. बाई “ए कोमिदो” म्हणत, की भाऊजी आणखी एक भाकरी टाकत. शेवटी बाईंनी त्यांचा हात धरला आणि विचारलं, “आ कोमिदो उस्तेद?”

भाऊजी गडबडले. पाहुणीच्या धांदलीत दिवसभर अन्नाला शिवले नव्हते. हळूच म्हणाले, “नो.” बाईंनी त्यांना शेजारी बसवलं आणि स्वतःच्या हातानं वाढलं. भाऊजी खाली मान घालून जेवले. मुलगा त्यांच्याकडे नुसता पाहत राहिला.

तो तिकडेच राहणार, हे आता ठरलंय. पण पूर्वी सणावारी येणारा त्याचा फोन हल्ली रोज संध्याकाळी येतो, आणि तो आधी जेवलात का तेवढंच विचारतो, स्पॅनिशमध्ये. भाऊजी “सी, ए कोमिदो” म्हणून पोराला निश्चिंत करतात. फोन ठेवतात, आणि मग ताईला म्हणतात, “वाढ वो आता.”